जागल्याची हाक : औषधांच्या बाजारातील एका खटल्याची गोष्ट

दर गुरुवारी संध्याकाळी मंडळाच्या वाचनालयात आम्ही पाच-सहा जण जमतो. बहुतेक सगळे निवृत्त. त्यांतले तिघे औषधकंपन्यांतून निवृत्त झालेले, आणि बडोद्यात यात काही नवल नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन उभे राहिले, ते उभारणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर, त्यांच्याबरोबरचे कोटिभास्कर आणि भाईलालभाई अमीन यांनी १९०७ साली अलेम्बिकचा पाया घातला. पुढे साराभाई केमिकल्स आली. कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारी मराठी घरे या गावात शेकड्यांनी होती. कुणी प्रयोगशाळेत, कुणी पॅकिंगमध्ये, कुणी हिशेबखात्यात, आणि पुष्कळजण हातात काळी बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभे राहणारे एम.आर. आमची शिक्षणे, लग्ने, घरे या धंद्याच्या पगारावर झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिले आहे ते बाहेरून बोट दाखवणाऱ्याचे नाही.

गेल्या वर्षी विसर्जनानंतर मंडळातल्याच एका कुटुंबातला मुलगा आमच्या गुरुवारच्या बैठकीत येऊन बसला. बी.फार्म. झालेला, एका कंपनीत एम.आर. म्हणून लागून दीड वर्ष झालेले. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “काका, एक विचारू? आम्हाला एक औषध एका आजारासाठी परवानगी असलेलं आहे. मीटिंगमध्ये सांगितलं, डॉक्टरांना आणखी चार आजारांसाठी सांगा. फक्त तोंडी सांगायचं, कागदावर काही द्यायचं नाही. मी मॅनेजरना विचारलं, याचा पुरावा काय? दुसऱ्या महिन्यात माझी बदली झाली. मी नोकरी सोडली. तुमच्या वेळी असं होतं का? आणि मी काय करायला हवं होतं?”

आमच्यातल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत होते, पण देता आले नाही. दुसऱ्याचे उत्तर येतच नव्हते. त्यानंतर काही महिने आम्ही या विषयावर मिळेल ते वाचले, आपसांत वाद घातले. त्या वाचनातून जे हाती लागले ते यंदाच्या स्मरणिकेसाठी लिहीत आहोत. त्या मुलाला उशिरा दिलेले उत्तर, असे समजा.

जागल्या

आतली गैरगोष्ट बाहेर सांगणाऱ्याला इंग्रजीत शिटी वाजवणारा म्हणतात. १९७०च्या सुमारास राल्फ नेडर या अमेरिकन ग्राहक चळवळीच्या पुढाऱ्याने या शब्दाला मान मिळवून दिला. त्याआधी त्यात चहाडखोरपणाचा वास होता. मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘जागल्या’ हा शब्द दिला, आणि तो आम्हाला फार आवडला. जुन्या गावगाड्यात रात्री गाव झोपले की एकाला जागे राहावे लागे. तो जागल्या. चोर दिसला की त्याने हाक द्यायची. त्या हाकेने पाटलाची झोपमोड होते की सावकाराची, हे पाहायचे नाही. आता हेही खरे की जागल्याला गावाने मान फारसा दिला नाही. हाक हवी असे, हाक देणारा मात्र वेशीबाहेरचा. शब्द निवडताना कुणाच्या हे मनात होते की नाही कोण जाणे, पण तोही अर्थ त्यात उतरला आहे.

लाकडाचा भुसा आणि लिंकनचा कायदा

ज्या प्रकरणाबद्दल सांगायचे आहे ते अमेरिकेतले आहे. पण त्याची किल्ली १८६३ सालच्या एका कायद्यात आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. सैन्याला माल पुरवणाऱ्या कंत्राटदारांनी हात धुऊन घेतले. दारूगोळ्याच्या पिंपात लाकडाचा भुसा, पहिल्या पावसात विरणारे गणवेश, रोगट खेचरे. सरकारला हे कळणार कसे? पिंपात भुसा भरला जात असताना तिथे सरकार नसते, तिथे मजूर असतो. म्हणून २ मार्च १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी सही केलेल्या कायद्यात एक जुनी इंग्रजी तरतूद घालण्यात आली. सरकारची फसवणूक ज्याला ठाऊक आहे असा कोणीही सामान्य माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकेल, आणि वसूल होणाऱ्या रकमेत त्याचा वाटा असेल. तेव्हा तो वाटा निम्मा होता.

१९४३ साली या कायद्याचे दात काढण्यात आले आणि तो जवळजवळ निजून राहिला. १९८६ साली संरक्षण खात्याच्या कंत्राटांतले घोटाळे गाजले तेव्हा सिनेटर चार्ल्स ग्रासली आणि इतरांनी तो पुन्हा उभा केला. नुकसानीच्या तिप्पट वसुली, दावा लावणाऱ्याला साधारण १५ ते ३० टक्के वाटा, आणि नोकरीत सूड उगवला गेल्यास संरक्षण. दावा सुरुवातीला मोहोरबंद लिफाफ्यात दाखल होतो. ज्याच्यावर दावा आहे त्यालाही तो कळत नाही. सरकार आतल्या आत चौकशी करते. ही चौकशी महिने नव्हे, वर्षे चालते. तोवर दावा करणाऱ्याने तोंड उघडायचे नाही.

बंदुकीच्या दारूसाठी केलेला हा कायदा औषधाच्या गोळीला कसा लागू झाला, तेच पुढे पाहायचे आहे.

परवानगी कशाची?

औषधविक्रीचा आजचा नियम १९६२ सालचा आहे. थॅलिडोमाइड या झोपेच्या गोळीने युरोपात हजारो बाळे हातापायांविना जन्माला आली. अमेरिकेत ही गोळी सरसकट विकली गेली नाही, कारण अन्न व औषध प्रशासनातल्या डॉ. फ्रान्सिस केल्सी यांनी कंपनीच्या तगाद्याला न जुमानता पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली होती. त्या धक्क्यानंतर १९६२च्या ऑक्टोबरात कायदा बदलला. औषध केवळ सुरक्षित असून चालणार नाही, ते ज्या आजारासाठी विकायचे त्या आजारावर गुण देते, हेही कंपनीने चाचण्यांनी सिद्ध करायचे.

यातून एक महत्त्वाचा भेद निघाला. औषधाला परवानगी मिळते ती विशिष्ट आजारासाठी आणि विशिष्ट मात्रेसाठी. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर ते दुसऱ्या आजारासाठी देऊ शकतो, त्याला बंदी नाही. पुष्कळदा त्यात रोग्याचे भलेच असते. कंपनीने मात्र त्या दुसऱ्या आजारासाठी औषधाचा प्रचार करायचा नाही. डॉक्टरची मुभा आणि कंपनीचा प्रचार यांच्यामध्ये आखलेली ही रेघ होय. आमच्याकडे आलेल्या मुलाला जी रेघ ओलांडायला सांगितली गेली, ती हीच.

चार महिन्यांची नोकरी

१९९३च्या डिसेंबरात न्यूरॉन्टिन या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याचे मूळ नाव गॅबापेन्टिन. आकडी म्हणजे अपस्माराच्या रोग्यांना दुसऱ्या औषधाच्या जोडीला द्यायचे, आणि दिवसाला १८०० मिलिग्रॅमपर्यंत, एवढीच ती परवानगी. कंपनी होती पार्क-डेव्हिस. आमच्यातल्या जुन्या एम.आर. मंडळींना हे नाव ओळखीचे आहे. भारतातही तिची औषधे एके काळी घरोघर होती. ती वॉर्नर-लॅम्बर्ट या मोठ्या कंपनीचा भाग होती.

आकडीवरच्या जोडऔषधाची बाजारपेठ लहान. दुखणे, अर्धशिशी, मानसिक आजार यांची बाजारपेठ प्रचंड. सरळ मार्ग होता, तो म्हणजे त्या आजारांसाठी चाचण्या घ्यायच्या आणि परवानगी मागायची. पण त्याला वर्षे लागतात, पैसा लागतो, चाचणीत औषध नापास होण्याचा धोका असतो आणि तोवर पेटंटची मुदत सरत येते. कंपनीने दुसरा मार्ग धरला.

१९९६च्या एप्रिलमध्ये डेव्हिड फ्रँकलिन नावाचा तरुण सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ या कंपनीत रुजू झाला. आधी तो बोस्टनमध्ये हार्वर्डशी संलग्न संस्थेत संशोधन करत होता. इथे त्याचे पद ‘मेडिकल लायझन’ असे होते. असा माणूस विक्रेता नसतो. डॉक्टरांना एखादी शास्त्रीय शंका आली तर तिचे निरसन करणारा जाणकार, अशी त्याची ओळख असते. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचे तर एम.आर. म्हणजे माल घेऊन आलेला माणूस, आणि हा म्हणजे ज्ञान घेऊन आलेला. डॉक्टर पहिल्यापुढे सावध असतो, दुसऱ्यापुढे नसतो.

फ्रँकलिन यांनी पुढे न्यायालयापुढे मांडले ते असे. त्यांच्यासारख्या पीएच.डी. झालेल्यांना ‘डॉक्टर’ म्हणून पुढे केले जाई आणि समोरच्याचा समज तसाच राहू दिला जाई. औषध वेदनांवर, बायपोलर विकारावर, लहान मुलांच्या अतिचंचलपणावर, अर्धशिशीवर चालते असे सांगायचे. मात्राही मंजुरीच्या पलीकडे न्यायला सांगायचे. एका टेलिफोन बैठकीत वरिष्ठ अधिकाऱ्याने तर डॉक्टरांचा हात धरून कानात या आजारांची नावे कुजबुजा, अशा अर्थाची आज्ञा दिली. कागदावर शक्यतो काही ठेवू नका, हेही होतेच.

हे वाचताना आमच्यातले एक जण म्हणाले, “तोंडी सांगायचं, कागदावर काही नाही. तीस वर्षं झाली, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, पण वाक्य तेच.”

फ्रँकलिन जेमतेम चार महिने टिकले. जाताना त्यांनी एक गोष्ट केली, तिने पुढचा सगळा इतिहास घडला. आपल्या फोनवर आलेले निरोप त्यांनी जपून ठेवले, आणि हाताशी असलेली कागदपत्रेही. कागदावर काही नको म्हणणाऱ्यांना आपला आवाज टेपवर राहतो हे सुचले नव्हते. थॉमस ग्रीन या वकिलाच्या मदतीने १९९६च्या ऑगस्टमध्ये त्यांनी बोस्टनच्या फेडरल न्यायालयात लिंकनच्या कायद्याखाली मोहोरबंद दावा दाखल केला.

दुकानदारी कशी चाले

पुढे सरकारी चौकशीत जे बाहेर आले त्यात या धंद्यात काम केलेल्या कोणालाही अनोळखी वाटेल असे थोडेच आहे.

डॉक्टरांना ‘सल्लागार’ म्हणून बैठकांना बोलावले जाई. मानधन, महागडी जेवणे, फ्लोरिडा आणि हवाई बेटांवर मुक्काम, १९९६ सालचे अटलांटा ऑलिम्पिक. सल्ला कोणी घेत नव्हते. औषधाच्या नामंजूर उपयोगांवरची भाषणे मात्र ऐकवली जात. काही डॉक्टरांना पैसे देऊन कंपनीची माणसे रोगी तपासताना शेजारी बसत. स्वतंत्र वैद्यकीय शिक्षण म्हणून जाहीर होणाऱ्या परिषदांचे विषय, वक्ते, श्रोते यांत कंपनीचा हात असे. एकदा तर एक वक्ता प्रतिकूल बोलणार असे कळल्यावर श्रोत्यांत आपली माणसे पेरून औषधाचे गुण उजळणारे प्रश्न विचारवले गेले.

यातली सगळ्यांत गंभीर बाब आम्हाला वेगळीच वाटते. बायपोलर विकारावर या औषधाची पद्धतशीर चाचणी झाली होती. तिच्यात औषधाचा अंश नसलेली, नुसती दिसायला सारखी गोळी या औषधाइतकीच, किंबहुना जास्तच, उपयोगी ठरली. म्हणजे औषध नापास. तरीही त्या आजारासाठी प्रचार चालू होता. बायपोलरचा रोगी योग्य औषधाविना राहिला तर काय होते, हे ज्या घरांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको. इथे नुसता सरकारचा पैसा बुडाला नाही. त्या रोग्याची वेळ बुडाली, आणि ती तिप्पट करून परत मिळत नाही.

विक्रीचा आलेख मात्र चढत राहिला. १९९५ साली सुमारे पावणेदहा कोटी डॉलर असलेली विक्री २००३ साली २७० कोटी डॉलरच्या जवळ गेली. त्यातली बहुतांश चिठ्ठ्यांवरची विक्री नामंजूर आजारांसाठी होती.

आठ वर्षे

फसवणूक झाली ती सरकारची, हे सिद्ध कसे करायचे? वकिलांचा युक्तिवाद असा होता. गरिबांच्या औषधांचे पैसे अमेरिकन सरकार ‘मेडिकेड’ योजनेतून भरते. मान्यता नसलेल्या, जाणत्या संदर्भग्रंथांचाही आधार नसलेल्या उपयोगासाठी ते पैसे देय नसतात. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली, केमिस्टने बिल पाठवले, दोघेही प्रामाणिक असतील. पण ते खोटे बिल कंपनीच्या प्रचारामुळे जन्मले. म्हणजे पिंपातला भुसा कंपनीचाच. कंपनीने हे मोडीत काढण्याची खटपट केली. २००१ साली न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी हा दावा चालू शकतो असा निर्णय दिला, आणि पुढच्या अनेक खटल्यांची वाट त्यातून मोकळी झाली.

दरम्यान २००० साली फायझरने वॉर्नर-लॅम्बर्ट विकत घेतली आणि खटलाही तिच्या पदरात आला. अखेर १३ मे २००४ रोजी निकाल लागला. वॉर्नर-लॅम्बर्टने गुन्हा कबूल केला. एकूण ४३ कोटी डॉलर भरायचे ठरले. त्यात २४ कोटी फौजदारी दंड, ८ कोटी ३६ लाख केंद्र सरकारला, ६ कोटी ८४ लाख राज्यांना आणि ३ कोटी ८० लाख राज्यांच्या ग्राहक-संरक्षणाच्या दाव्यांपोटी. फ्रँकलिन यांच्या वाट्याला सुमारे २ कोटी ४६ लाख डॉलर आले.

आमच्या बैठकीत इथे वाद पेटला. एक जण म्हणाले, “एवढे पैसे मिळणार असतील तर कोण नाही बोलणार? यात त्याग कसला?” दुसरे म्हणाले, “पैसे २००४ साली मिळाले. १९९६ साली त्याला काय माहीत होतं?” आम्हाला दुसऱ्यांचे पटले. दावा फेटाळला गेला असता तर आठ वर्षे गेली असती, नाव गेले असते आणि हातात काही राहिले नसते. असे दावे करणाऱ्या औषधकंपन्यांतल्या २६ जणांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास २०१० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. कंपन्यांच्या आत काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी आधी कंपनीतच तक्रार करून पाहिली होती. नंतर दबाव, नोकरी जाणे, घरात ताण, प्रकृतीवर परिणाम हे अनेकांनी भोगले. बक्षिसासाठी आपण हे केले नाही असे त्यांनी सांगितले. त्यावर किती विश्वास ठेवायचा हे ज्याने त्याने ठरवावे, पण आधी आत सांगून पाहिले ही गोष्ट बोलकी आहे. कंपनीशी वैर म्हणून कोणी उठले नव्हते.

दंड आणि नफा

यानंतर खटल्यांची रांग लागली. २००९ साली फायझरने बेक्स्ट्रा या वेदनाशामकासह काही औषधांच्या बेकायदा प्रचाराबद्दल २३० कोटी डॉलर भरले. त्यातला एक जागल्या जॉन कॉपचिन्स्की आखाती युद्धात लढलेला माजी सैनिक होता आणि कंपनीत एम.आर. होता. २००३ साली त्याची नोकरी गेली, आणि निकाल लागेपर्यंत घर बचतीवर आणि कितीतरी कमी पगाराच्या नोकरीवर चालले. २०१२ साली ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने ३०० कोटी डॉलर भरले. त्यातल्या आरोपांत नैराश्यावरचे एक औषध मान्यता नसताना लहान मुलांसाठी पुढे केल्याचाही आरोप होता. न्यूरॉन्टिनचे प्रकरणही २००४ साली संपले नाही. एका मोठ्या आरोग्य-विमा संस्थेने लावलेल्या दाव्यात २०१० साली बोस्टनच्या ज्यूरीने संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली कंपनीला दोषी धरले. भरपाई तिप्पट होऊन सुमारे १४ कोटी २० लाख डॉलर झाली आणि २०१३ साली वरच्या न्यायालयात ती कायम राहिली.

तरी एक हिशोब मांडून पाहा. ४३ कोटींचा दंड म्हणजे २००३ सालच्या एका वर्षाच्या विक्रीचा साधारण सहावा हिस्सा. एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही. कंपनीच्या वहीत असा दंड शिक्षा म्हणून पडतो की खर्च म्हणून, हा प्रश्न अमेरिकेत आजही विचारला जातो. जागल्याने हाक दिली, चोर पकडला, आणि चोराने चोरीतला थोडा भाग देऊन वाट धरली, असेही कोणी म्हणेल. आम्ही एवढेच म्हणू की हाक नसती तर तेवढेही झाले नसते. शिवाय या खटल्यातून कंपनीचे हजारो अंतर्गत कागद जगापुढे आले. औषधाचा बाजार आतून कसा चालतो हे जगभरचे वैद्यक त्या कागदांवरून शिकले.

वाचकांपैकी कोणाच्या घरी ही गोळी असेल तर एक खुलासा. गॅबापेन्टिन हे वाईट औषध नाही. आकडीवर ते चालते आणि नागिणीनंतर राहणाऱ्या वेदनेसाठी त्याला अमेरिकेत २००२ साली रीतसर मान्यता मिळाली. हा लेख वाचून कोणी आपली गोळी बंद करू नये. खोटेपणा औषधात नव्हता, ते विकण्यासाठी जे सांगितले गेले त्यात होता.

आपल्याकडे

आपल्या देशातला सर्वांत गाजलेला औषधी जागल्या म्हणजे दिनेश ठाकूर. रॅनबॅक्सीत २००३ साली रुजू झाल्यावर वरिष्ठांनी त्यांना चाचण्यांच्या आकडेवारीची छाननी करायला सांगितले. ती आकडेवारी मोठ्या प्रमाणात बनावट असल्याचे त्यांना आढळले. २००५ साली त्यांनी राजीनामा दिला आणि अमेरिकन औषध प्रशासनाला कळवले. प्रकरण प्रचाराचे नसून आकडेवारीचे होते, पण वळण तेच. कंपनीच्या अमेरिकी शाखेने गुन्हा कबूल केला, ५० कोटी डॉलर भरायचे ठरले, आणि योगायोग असा की तारीख होती १३ मे, साल २०१३. ज्या दोन कारखान्यांवर २००८ साली अमेरिकेने आयातबंदी घातली त्यांतला एक आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातला, देवासचा. विचार करण्यासारखी गोष्ट ही की भारतीय माणसाने, भारतीय कंपनीबद्दल दिलेली हाक ऐकली गेली ती अमेरिकेच्या न्यायालयात.

इथे ती ऐकायची सोय कितपत आहे? जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला, पण त्याचा रोख सरकारी सेवकांच्या भ्रष्टाचारावर आहे. खासगी कंपनीतल्या एम.आर.ला त्याचा आधार नाही. २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना आत तक्रार-यंत्रणा ठेवणे भाग पाडले, हे काहीतरी आहे. डॉक्टरांनी भेटी घेऊ नयेत असा नियम २००९ साली वैद्यक परिषदेने केला. अशा भेटींवरचा खर्च कंपन्यांना आयकरात वजा करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. औषधांच्या विपणनाची सरकारी आचारसंहिता २०१५ पासून ऐच्छिक स्वरूपात होती. २०२४च्या मार्चमध्ये ती नव्याने आली. परंतु संहिता कायद्याच्या ताकदीची असावी, म्हणून सर्वोच्च न्यायालयात कोण गेले ठाऊक आहे? एम.आर. मंडळींचीच अखिल भारतीय संघटना. ज्यांच्या हातात बॅग आहे त्यांनीच बॅगेत काय आहे याचा कायदा मागितला. या एका गोष्टीने आमच्यातल्या तिघा निवृत्तांची मान थोडी वर झाली.

आणि मौन किती महाग पडते हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरीनमुळे १४ रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या अहवालाने पुरवठादारापासून मंत्र्यांपर्यंतच्या साखळीवर बोट ठेवले. त्या साखळीतल्या कोणत्याही एका कडीवर कोणी वेळेत मोठ्याने बोलले असते तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

त्या मुलास

आता उत्तर. पहिल्या प्रश्नाचे : हो, बाळा, आमच्या वेळीही असे होते. प्रमाण कमी असेल, हवाई बेटांऐवजी पेन, डायरी, दिवाळीची मिठाई आणि कधी डॉक्टरसाहेबांचा स्कूटरचा नंबर लावून देणे असेल. पण व्हिज्युअल एडवर नसलेले वाक्य तोंडी सांगा, असे आम्हालाही सांगितले गेले आणि आमच्यातल्यांनी ते सांगितले. टार्गेट पूर्ण झाले, इन्सेन्टिव्ह मिळाला, घरात फ्रिज आला. तो फ्रिज कोणत्या चिठ्ठ्यांवर आला हे आम्ही विचारले नाही. त्या दिवशी आम्ही तुला उत्तर दिले नाही, त्याचे कारण एवढेच.

दुसऱ्या प्रश्नाचे : तू दोन गोष्टी बरोबर केल्यास. पुरावा विचारलास, आणि खोटे बोलला नाहीस. यापुढे कुठे असा प्रसंग आला तर फ्रँकलिनकडून एक शिक. मीटिंगची तारीख, काय सांगितले, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेव. तोंडी आज्ञा मिळाली तर ‘मला असे समजले, बरोबर ना?’ असा एक साधा निरोप लेखी पाठव. रोग्यांची खासगी माहिती मात्र हाताळू नकोस. मग जाणत्या वकिलाला भेट, आपल्या संघटनेला सांग. एकट्याने धावत सुटू नकोस. आपल्याकडे लिंकनचा कायदा नाही, बक्षीस नाही, संरक्षणही तोकडे आहे. हे लपवून तुला शूर व्हायला सांगणे बरोबर नाही.

पण तू हाक दिलीस तर ती ऐकायला गावात कोणीतरी जागे असले पाहिजे, हे काम आमचे आहे. बदली झाली, नोकरी गेली, तर ‘काय गरज होती शहाणपणाची’ असे घरी म्हणायचे नाही, हे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम. नवे औषध हाती आले की ‘हे माझ्या आजारासाठी मंजूर आहे का?’ असे नम्रपणे डॉक्टरांना विचारायचे, हे रोग्याचे काम. त्या प्रश्नाचा राग न मानणे हे डॉक्टरांचे काम, आणि आमच्या ओळखीचे बहुतेक डॉक्टर तो मानत नाहीत, हेही नोंदवायला हवे. या स्मरणिकेत डॉक्टरांच्या आणि औषधदुकानांच्या शुभेच्छा-जाहिराती आहेत. त्यांच्या शेजारी हा लेख छापायला संपादक मंडळाने आढेवेढे घेतले नाहीत, याबद्दल त्यांचे आभार.

तो मुलगा आता एका रुग्णालयाच्या औषधविभागात आहे. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. यंदा आरतीच्या व्यवस्थेत तो आहे, मंडपात भेटेल. आमची गुरुवारची बैठक गणपतीनंतर पुन्हा सुरू होईल. ज्याला काही विचारायचे असेल, किंवा काही सांगायचे राहून गेले असेल, त्याने जरूर यावे. दार उघडे असते.

गणपती बाप्पा मोरया.